खड्ड्याचं विरजण

छबुबाईनं गाडगं राखेनं तीनदा घासलं, दोनदा विसळलं, आत निखारे फिरवून धुरी दिली, नाक घालून वास घेतला आणि मगच ते अंगणात उन्हाला पालथं घातलं. बद्रीनाथ पाटील आंघोळ उरकून, ठेवणीतलं धोतर नेसून, कपाळाला अष्टगंध लावून बाहेर आला, तेव्हा ते गाडगं उन्हात लालेलाल चमकत होतं.

"ह्ये कोणतं गाडगं गं?" त्यानं विचारलं.

"तुमीच तर आणलं सरकारी मळ्यातून. बाई बाई, काय ती घाण. कोंडा आंबलेला, त्याच्यावर ही पांढरीफेक बुरशी. असलं भांडं ते लोक हातात देतात आन् तुमी तीन दिवस गाडीत मांडीवर घेऊन बसता. म्या म्हटलं, आज खड्ड्याची पूजा हाय, चार लोकांत भांडं दिसणार. लख्ख केलं."

"आन् आतला कोंडा?"

"म्हशीला घातला. ती बी आधी तोंड लावंना. मग गुळाचं पाणी शिंपडलं, तवा खाल्ला."

बद्रीनाथ ओसरीच्या कडेला बसला. गोठ्यात म्हैस निवांत रवंथ करत होती. तीन दिवसांचा गाडीचा प्रवास, साहेबांचं दोन तासांचं व्याख्यान आणि अख्ख्या गावाची आशा असं सगळं तिच्या पोटात गेलं होतं आणि तिला त्याचं काही नव्हतं.

निजामाच्या राज्यातलं ते फसली तेराशे बेचाळीस साल, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे तेहेतीस. त्या साली जराअत म्हणजे शेती खात्याचे मोठे अंमलदार, मोहतमीम मुनीरसाहेब, गेवराई तालुक्यात फिरले आणि उमापूरच्या बाजारात पाटलांना गोळा करून त्यांनी एक नवी गोष्ट सांगितली. तुराट्या आणि पऱ्हाट्या, तुरीच्या आणि कपाशीच्या वाळल्या काड्या, तुम्ही चुलीत घालता, म्हणजे जमिनीचं खाणं जाळता, असं ते म्हणाले. पण त्या काड्या टणक. नुसत्या पुरल्या तर दोन वर्षं तशाच राहतात. त्यावर सरकारी मळ्यानं तोड काढली होती. रानात पडलेल्या लाकडाला बुरशी धरते आणि लाकूड कसं हलकं, भुसभुशीत होतं? तीच बुरशी कोंड्यावर वाढवायची, दुधाला विरजण लावावं तशी तुकडे केलेल्या काड्यांना लावायची आणि खड्डा ओला ठेवायचा. महिन्याभरात काडी सैल पडते. मग तिच्यात शेण कालवून वरखाली केलं की पावसाळ्याच्या तोंडाला खत तयार.

बद्रीनाथला हे इतकं पटलं की तो स्वतः मळ्यावर जाऊन विरजणाचं गाडगं घेऊन आला. एका गावाला एकच गाडगं मिळत होतं आणि त्याच्या वाट्याला आलं ते शेवटचं. परत आल्यावर त्यानं चावडीवर ही सगळी हकीकत चार वेळा सांगितली. पारावर सांगितली, न्हाव्याला सांगितली, उमापूरहून आलेल्या व्यापाऱ्यालाही थांबवून सांगितली. घरात तेवढी सांगायची राहिली. नवऱ्यांचं असं होतंच. गाडग्यात विरजण आहे एवढंच काय ते छबुबाईला ठाऊक नव्हतं, बाकी खड्ड्याची सगळी मेहनत तिचीच होती.

कारण गावातल्या बायकांनी जळण दिलं ते बद्रीनाथच्या तोंडाकडे पाहून नव्हे. तुराटी आणि पऱ्हाटी म्हणजे वर्षभराची चूल. ती खड्ड्यात घाला म्हटल्यावर एकही बाई हलली नसती. छबुबाई घरोघर फिरली. आधी तिनं आपल्या दारची काड्यांची गंज उचलून दिली, मग दुसऱ्याच्या दाराला हात घातला. गावातली सगळ्यांत जुनी आणि सगळ्यांत तिखट बाई म्हणजे बायनाबाई. ती शेवटपर्यंत अडून बसली होती. शेवटी तिनं जळण सोडलं, पण सोडताना चार बायकांसमोर बोलून घेतलं.

"ह्या पाटलाच्या गप्पांवर न्हाई, तुझ्या शब्दावर देते बरं का छबू. उद्या ह्येचं खत न झालं, तर आमच्या चुलीला उत्तर तूच द्यायचं."

"देईन," छबुबाई म्हणाली होती.

ओसरीवर बसलेल्या बद्रीनाथला तो शब्द आठवला आणि त्याच्या कपाळावरचं अष्टगंध घामानं ओघळायला लागलं. विरजण गेलं हे त्याला सोसलं असतं. पण ते छबुबाईच्या हातून गेलं हे गावात कळलं, तर बायका तिला विहिरीवर उभी राहू देणार नव्हत्या. आणि तिला स्वतःला कळलं तर? ती गाडग्याकडे इतक्या कौतुकानं बघत होती की बद्रीनाथला सांगण्याचा धीरच झाला नाही. गावभर सांगत सुटलो आणि हिला नाही सांगितलं, यात तिची काय चूक, असंही त्याच्या मनात आलं.

"कावून गप झालात? न्हाई आवडलं?"

"लई चांगलं घासलंस," बद्रीनाथ म्हणाला.

मग त्यानं कणगीमागून मूठभर कोरा कोंडा घेतला, त्या लख्ख गाडग्यात भरला आणि गावासमोर, नारळ फोडून, हळदकुंकू वाहून, गंभीर चेहऱ्यानं तो कोंडा खड्ड्यात शिंपडला. लोकांनी हात जोडले. बायनाबाईनंही जोडले, पण एक डोळा उघडा ठेवून. साहेब महिन्यानं खड्डा बघायला येणार होते.

दुसऱ्या दिवसापासून बद्रीनाथ बुरशीच्या मागे लागला. बुरशी ती बुरशी, मळ्यातली काय आणि घरातली काय, असा त्याचा हिशेब होता. पण वैशाख चालू होता. बीडकडच्या वैशाखात भाकरी बुरसत नाही, तिची कवडी होते. त्यानं एक भाकरी ओली करून गोठ्यात पेंडीखाली दडवली. ती मुंग्यांनी नेली. दुसरी माळवदावर ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली. ती संध्याकाळपर्यंत अशी वाळली की कुत्र्यानं चाटून सोडून दिली. स्वतःच्या घरात शोधायचं तर प्रश्नच नव्हता. छबुबाईच्या घरात उन्हाळ्यात सगळं उन्हात असायचं आणि पावसाळ्यात सगळं धुरावर. लोणच्याच्या बरणीचं तोंड ती दर आठ दिवसांनी गरम फडक्यानं पुसायची.

तिसऱ्या दिवशी तो सटवा धनगराकडे गेला. सटवाची मेंढरं पाटलाच्याच रानात बसलेली होती. त्याच्याजवळ शिळंपाकं नक्की असणार, असं बद्रीनाथला वाटलं.

"सटवा, तुझ्याकडं शिळी भाकर हाय का?"

सटवानं त्याच्याकडे नीट पाहिलं. पाटील घामाघूम, डोळे खोल गेलेले.

"शिळी कावून पाटील? ताजी हाय. सकाळीच थापली."

"ताजी नको रे. चार-पाच दिवसांची लागती. वास येनारी असली तर बरी."

सटवानं पोतडीतून दोन ताज्या भाकऱ्या काढल्या, त्यांवर लसणाची चटणी ठेवली, कांदा मुठीनं फोडला आणि पाटलाला दगडावर बसवलं.

"खा. लाजू नगा. मानसावर वेळ येती."

बद्रीनाथनं पुष्कळ नाही म्हटलं. पण सटवा वडीलधाऱ्यासारखा समोर बसून राहिला आणि पाणी आणून दिलं. शेवटी बद्रीनाथनं दोन्ही भाकऱ्या खाल्ल्या. धनगरवाड्यात त्या संध्याकाळी सटवानं अगदी कळवळून सांगितलं की पाटील उपाशी हिंडतात, बिचारे शिळी भाकरसुद्धा मागतात.

चौथ्या दिवशी बद्रीनाथनं गावात हात घातला. वच्छलाबाईच्या घरी जमिनीत धान्याचं पेव होतं. तिच्या दारात जाऊन त्यानं सहज म्हणून विचारलं, "पेवाच्या कडंची जवारी औंदा खराब झाली का?"

वच्छलाबाईच्या सासूला हे लागलं. "आमच्या पेवाची जवारी? पाच सालं झाली तरी दाणा कसा मोत्यावानी हाय. कोण म्हनलं खराब हाय म्हणून? नाव सांगा त्याचं."

नाव कोणाचं सांगणार? बद्रीनाथ तिथून निघाला तो बायनाबाईच्या ओसरीवर जाऊन थडकला. इथं त्यानं जरा गोड बोलायचं ठरवलं.

"मावशी, एखाद्या लोणच्यावर बुरशी आली असंल, तर म्या घेऊन जातो. तुमची बरणी तेवढी मोकळी होईल."

बायनाबाई पापड लाटत होती. तिचं लाटणं थांबलं.

"माझ्या लोणच्यावर," ती म्हणाली.

"म्हंजी आली असली तर."

"चाळीस सालं ह्या हातानं लोणचं घालते मी. तुझ्या लग्नात पंगतीला माझं लोणचं व्हतं. तुझ्या बापानं मरताना माझ्या लोणच्याची फोड मागितलती. आन् तू माझ्या दारात येऊन इचारतो, बुरशी हाय का?"

"न्हाई मावशी, माझं म्हणणं..."

"जा बाबा. बायकोला म्हणावं, नवऱ्याला दोन घास नीट घाल, म्हंजी तो लोकाच्या बरण्या हुंगत न्हाई फिरणार."

हे वाक्य बायनाबाईनं आपल्या ओसरीवर उच्चारलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते विहिरीवर पोचलं. तिथं धनगरवाड्याकडून आलेली शिळ्या भाकरीची गोष्ट आधीच येऊन बसली होती. दोन्ही एकमेकींना भेटल्या. दुपारपर्यंत गावात ठाम झालं की छबुबाई पाटलाला जेवायला घालत नाही. कोणी म्हणालं, सगळं जळण खड्ड्यात घातलं, आता चूलच पेटत नाही तर घालेल काय. कोणी म्हणालं, तिचा हात पहिल्यापासूनच आखडता. छबुबाईचं नाव राखायला निघालेल्या बद्रीनाथनं चार दिवसांत तिच्या नावाला असा बट्टा लावला, की वैऱ्यालाही एवढं जमलं नसतं.

त्या संध्याकाळी त्याच्यापुढे ताट आलं तेव्हा त्यात सहा भाकऱ्या होत्या. पिठलं, ठेचा, शेंगदाण्याची चटणी, ताकाचा तांब्या, वर गुळाचा खडा. छबुबाई समोर बसली. तिचे डोळे लाल झाले होते.

"खा," ती म्हणाली.

"सहा?"

"खा. आन् पोट भरलं की मला सांगा, वीस सालं म्या तुमाला काय कमी केलं. धनगराकडं भाकर मागाया गेलते म्हणं तुमी. शिळी. मी आज विहिरीवर गेलते, तर बायनाबाई माझ्या घागरीत वाकून बघती आन् म्हणती, पाणी तरी देती का नवऱ्याला?"

बद्रीनाथनं एक भाकरी मोडली, तोंडाशी नेली आणि खाली ठेवली. मग त्यानं सगळं सांगितलं. मळा, गाडगं, विरजण, म्हैस, खोटा कोंडा, मुंग्या, सटवा, लोणचं. सांगताना त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही.

छबुबाईनं पदरानं डोळे पुसले.

"म्हंजी म्याच म्हशीला घातलं ते."

"तुला ठाव नव्हतं."

"न्हाव्याला सुदीक ठाव व्हतं. मलाच न्हाई. मला कावून सांगितलं न्हाई वो?"

चूक बद्रीनाथची होती आणि ती त्याला मनापासून लागली होती. तो एवढंच म्हणाला, "चुकलो. आता साहेबाला जाऊन सांगतो, माझ्या हातून सांडलं म्हणून. तुझं नाव येऊ द्यायचं न्हाई."

"साहेबाचं मला काय करायचंय? बायांच्या चुलीला उत्तर म्या द्यायचं हाय." तिनं चुलीतली गवरी आत सारली. "तुमी बुरशी मागत फिरलात व्हय, दारोदार?"

"मग काय करणार?"

"बाईच्या दारात जाऊन बुरशी मागितली, तर घरात पोतंभर असली तरी ती देईल का तुमाला?" ती म्हणाली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिच्या तोंडावर हसू आलंसं त्याला वाटलं. "जेवा आता. आन् उद्यापासून कोणाच्या दारात जायचं न्हाई. खड्ड्याकडं बी फिरकायचं न्हाई. मी बघते."

"काय बघतेस?"

"जेवा म्हटलं ना."

बद्रीनाथ जेवला. सहाही भाकऱ्या खाल्ल्या, कारण आता एक जरी उरली असती तरी ती शिळी झाली असती.

दोन दिवस गेले आणि गावाला सफाईचा झटका आला. बद्रीनाथ चावडीकडे जायला निघाला तर घरोघरी धुरळा. वच्छलाबाईच्या घरी पेव उघडलेलं, पोरं टोपल्यानं कडेची माती उकरतायत. कुठं बरण्या उन्हात पालथ्या, कुठं कणग्या बाहेर काढून शेणानं सारवल्या जातायत. बायनाबाईच्या अंगणात तर माळ्यावरची सगळी गाडगीमडकी ओळीनं मांडलेली आणि ती स्वतः डोक्याला फडकं बांधून झाडू घेऊन उभी. बद्रीनाथ दिसताच ती आत गेली आणि तिनं दार लावलं.

"काय चाललंय रे ह्ये?" त्यानं वाटेत भेटलेल्या सटवाला विचारलं.

"तुमाला ठाव न्हाई? साहेब येतो ना. घरोघर जाऊन बुरशी बघणार हाय म्हणं. ज्याच्या घरात सापडंल, त्याचं नाव सरकारी कागदात लिवणार. तुमी त्याच्यासाटीच तर आधी पाहणी करत फिरलात. बाया म्हणतात, बरं झालं पाटील आधी येऊन गेले, निदान कळलं तरी." सटवा जवळ सरकला. "आन् पाटील, माफ करा. मला वाटलं तुमी खरंच उपाशी हायत."

बद्रीनाथ घरी परतला तो खांबाला टेकून बसला. गावात होती नव्हती तेवढी बुरशी आता झाडून, पुसून, खरवडून जाणार होती. त्याच्या दारोदार फिरण्यानंच ती जात होती. त्यानं छबुबाईला सांगितलं. ती जात्यावर बसली होती. जातं थांबवलंसुद्धा नाही.

"झाडू द्या की. बाईमाणसानं घर झाडलं तर तुमाला काय तरास?"

पुढचे काही दिवस पहाटे तो माळवदावर उठून बसला, की गावातल्या बायका टोपल्या झाकून, डोक्यावर घागर घेऊन, ओढ्याच्या अंगाला जाताना दिसत. खड्डा त्याच बाजूला होता. पण पहाटेच्या वेळी बायका त्या बाजूला जात असताना बघू नये, एवढी रीत बद्रीनाथला होती. तो पूर्वेकडे तोंड करून बसे. कोरडा, उन्हानं तडकलेला, आत सगळ्या गावाची चूल पुरलेला तो खड्डा त्याच्या डोळ्यांसमोर येई. एकदा न राहवून तो उठला, तर छबुबाईनं दारातच अडवलं.

"जाऊ नका सांगितलं ना."

"निदान दोन घागरी पाणी तरी ओतू दे."

"पाण्याची काळजी तुमी करू नका," ती म्हणाली आणि तिनं त्याला म्हशीचं दूध काढायला बसवलं.

महिना भरला. मुनीरसाहेब घोड्यावर बसून आले, बरोबर एक शिपाई, एक कारकून, हातात छत्री. साहेब उंच, बारीक, बोलायला फार गोड. ते आले ते थेट खड्ड्याकडे निघाले. घरोघर पाहणी होणार म्हणून दारादारांत सजून उभ्या राहिलेल्या बायका आधी गोंधळल्या, मग सगळ्याच मागोमाग निघाल्या. बद्रीनाथ साहेबांच्या पाठीमागे चालत होता. काय बोलायचं ते त्यानं वीस वेळा घोकलं होतं. माझ्या हातून सांडलं साहेब, घरच्यांचा काही दोष नाही.

शिपायानं वरचा मातीचा थर खोऱ्यानं सारला आणि आतून वाफ निघाली.

खड्डा ओलाकिच्च होता. काड्याकाड्यांवर जाळं पसरलेलं. कुठं पांढरं, कुठं हिरवं, कुठं शेंदरी, एका कोपऱ्यात तर हळदीसारखं पिवळंजर्द आणि दाट. साहेबांनी अंगठ्याएवढी जाड पऱ्हाटी उचलली. एरवी तिला मोडायला गुडघा लागतो. ती त्यांच्या बोटांत ओल्या खारकेसारखी सोलून निघाली.

"सुभानअल्ला," साहेब हळूच म्हणाले. "पाटीलसाब, हे आमचं विरजण नाही."

बद्रीनाथनं हात जोडले. "साहेब, खरं सांगतो. तुमचं विरजण माझ्या हातून सांडलं. घरच्यांचा काय..."

"सांडलं? मग हे काय आहे?"

"मला ठाव न्हाई साहेब," बद्रीनाथ म्हणाला. आणि ते अगदी खरं होतं.

साहेबांनी बायकांच्या घोळक्याकडे पाहिलं. बायका जमिनीकडे बघत होत्या. छबुबाई एका बाजूला पदर घेऊन उभी होती, सगळ्यांत शांत.

"आमच्या मळ्यात दोन वर्षं झटून जे साधलं नाही ते इथं एका महिन्यात झालंय," साहेब म्हणाले. "हे कुणाच्या घरचं आहे ते मला लिहून न्यायचं आहे. वरपर्यंत जाईल. ज्याचं असेल त्याला खात्याचा शाबासकीचा कागद मिळेल. ही पिवळी बघा, ही तर सगळ्यांची राणी. कुणी टाकली ही?"

साहेब खाली वाकून त्या पिवळ्या कोपऱ्याकडे पुन्हा पुन्हा बघत होते आणि मान डोलवत होते. बायनाबाईचं तोंड उघडलं आणि मिटलं. तिनं इकडेतिकडे पाहिलं. चाळीस वर्षांचं नाव एकीकडे आणि सरकारी शाबासकी एकीकडे, अशी तिची ओढाताण तिच्या चेहऱ्यावर सगळ्यांना दिसत होती.

"ती माझी हाय," ती शेवटी म्हणाली.

"तुमची?"

"माझ्या लोणच्याची. माळ्यावरची जुनी बरणी व्हती. त्या कोपऱ्यात म्याच टाकली आन् वर घागरभर पाणी ओतलं. लिवा, बायनाबाई."

साहेबांनी कारकुनाला खूण केली. कारकुनानं लिहिलं. तसा घोळका फुटला.

"मग तिच्या शेजारची हिरवी माझी," वच्छलाबाई पुढे झाली. "पेवाच्या कडंच्या जवारीची. चार टोपल्या व्हती."

"चार टोपल्या?" कोणीतरी मागून म्हणालं. "मोत्यावानी व्हती ना?"

"शेंदरी कुणाची लिवली? ती माझ्या कण्यांची हाय. सुंदरबाईची न्हाई, तिचा कोपरा त्यो तिकडं."

"माझं घोंगडं बी हाय आत," सटवा म्हणाला. "ते बी लिवा."

अर्धा तास कारकून लिहीत होता. आपलीच बुरशी कशी जास्त दाट, कशी जास्त जुनी, यावर दोन भांडणं झाली. ज्या गावात महिन्यापूर्वी शोधून चिमूटभर सापडली नव्हती, तिथं आता ती कोणाच्या घरी किती होती ते सरकारी कागदावर मावेना. शेवटी साहेब हसत छबुबाईकडे वळले.

"आणि पाटलीणबाई, यात तुमची कोणती?"

छबुबाईनं पदर नीट केला.

"माझी कोणतीच न्हाई साहेब. आमच्या घरात बुरशी नसती."

बायनाबाईनं वच्छलाबाईकडे पाहिलं, वच्छलाबाईनं कारकुनाच्या हातातल्या कागदाकडे.

"लिखो," साहेब कारकुनाला म्हणाले. "पाटलीणबाई. मकान बिलकुल साफ."

"साहेब, माझं नाव तेवढं खोडा," बायनाबाई म्हणाली.

"सरकारी कागद आहे, अम्मा. खोडता येत नाही." साहेबांनी घोड्याचा लगाम हातात घेतला. "आता शेण कालवा, दर आठवड्याला वरखाली करा. मृगापर्यंत खत तयार होईल. माझा शब्द आहे."

त्या दिवशी बद्रीनाथ जेवायला बसला तेव्हा छबुबाई भाकरी भाजत होती. गवऱ्यांवर भाजलेली भाकरी, जरा धुरकट, पण तिच्या हातची. त्यानं एक घास खाल्ला आणि तिच्याकडे बघतच राहिला.

"विहिरीवर तूच सांगितलंस? साहेब घरोघर बघणार म्हणून?"

"म्या एवढंच म्हटलं, उकिरड्यावर टाकलं तर दिसतं, खड्ड्यात टाकून वर पाणी ओतलं की कोणाला कळत न्हाई. जिला तिला आपापला कोपरा दाखवला, म्हंजी एकमेकीला लाज नको."

"आन् साहेब नावं लिवून घेणार, हे बी ठाव व्हतं तुला?"

"मला कावून ठाव असंल? मी काय सरकारी मळ्यात गेलते?"

तिनं तव्यावरची भाकरी उलटवली, निखाऱ्यावर टेकवली, टम्म फुगली तशी त्याच्या ताटात टाकली. मग त्याच्याकडे न बघता म्हणाली,

"पर बायनाबाईनं माझ्या घागरीत वाकून बघितलं व्हतं, ते ठाव व्हतं."